लठ्ठपणा आणि राष्ट्राची तिजोरी

(ग्रामआरोग्य मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



अंगाने भरलेला मनुष्य दिसला की तो खात्यापित्या घरचा आहे, असे कौतुकाने म्हणण्याची प्रथा आपल्या समाजात जुनी आहे. दुष्काळ पाहिलेल्या पिढ्यांना ते स्वाभाविकही होते. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आता निराळीच हकिगत सांगतात. २००५-०६ साली देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ३५.५ टक्के कृश, तर १२.६ टक्के अतिवजनी अथवा लठ्ठ होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत कृश स्त्रियांचे प्रमाण १८.७ टक्क्यांवर उतरले आणि अतिवजनी व लठ्ठ स्त्रियांचे २४ टक्क्यांवर चढले. गोव्यात तर ते ३६ टक्क्यांच्या घरात गेले.

याचा अर्थ भूक संपली असा नव्हे. त्याच पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. अंगणवाडीतील बालकाचा पोषण आहार आणि प्रौढांच्या मधुमेहाचे औषध या दोहोंचा भार सार्वजनिक पैशावरच पडतो. खरा पेच येथे आहे.

लठ्ठपणापाठोपाठ मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार येतात. ही दुखणी बहुधा जन्मभर औषध मागतात. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते. कमावता मनुष्य घरी बसतो आणि कुटुंब कर्जात बुडते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे आणि त्यातील दोनतृतीयांश वा अधिक वाटा प्राथमिक आरोग्यसेवेस देण्याचे योजिले होते. खर्चाचे ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. अशा स्थितीत केवळ रुग्णालये वाढवीत राहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

कर हा एक उपाय आहे. केरळ राज्याने २०१६ साली नाममुद्रांकित उपाहारगृहांतील बर्गर, पिझ्झा आदी पदार्थांवर १४.५ टक्के कर बसविला. पुढील वर्षी वस्तू व सेवा कर आल्यावर तो राहिला नाही. ब्रिटनने २०१८ साली पेयातील साखरेच्या प्रमाणानुसार कर ठेवला, तेव्हा अनेक उत्पादकांनी साखरच कमी केली. भारतात सप्टेंबर २०२५ पासून गोड वायुयुक्त पेयांवर ४० टक्के कर आहे; मात्र तो साखरेच्या प्रमाणाप्रमाणे कमीअधिक होत नाही. ब्रिटनचा धडा येथे विचारात घेण्याजोगा आहे.

तथापि सर्वच उपायांना मोठा निधी लागतो असे नाही. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची नोंद घेताना कमरेचा घेरही मोजते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची सूचना होय. ती फीत लाजेने टाळू नये. शिक्षकांनी खेळाचा तास गणिताला देऊ नये. ग्रामपंचायतीने क्रीडांगणाची जागा अन्य कामास जाऊ देऊ नये. गृहिणींनी महिन्याच्या तेलाचा हिशेब ठेवावा.

लठ्ठ माणसाची थट्टा करून हा प्रश्न सुटणार नाही. स्वस्त तेल, स्वस्त साखर, बैठे काम आणि नाहीशी झालेली मैदाने यांतून तो वाढला आहे. म्हणून त्याचे उत्तर जसे घराघरांतील ताटात, तसेच शासनाच्या अंदाजपत्रकात शोधावे लागेल.