क्षयरोग्याची नोंदवही

मुंबईत मजुरी करणारा क्षयरोगी औषध चालू असतानाच गावी निघून जातो, ही आपल्याकडची जुनी अडचण. त्याचे कार्ड दवाखान्याच्या कपाटात राही. माणूस कोठे गेला, कोणास ठाऊक! साध्या क्षयालाही बहुधा ६ महिने औषध लागते, आणि मध्येच खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. २०१२ साली सरकारने हा रोग कळविणे खासगी डॉक्टरांनाही सक्तीचे केले. त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही निघाली. आता रोगी दरभंग्यास गेला, तरी त्याची नोंद तेथल्या केंद्राकडे धाडता येते.

अर्थात यंत्र काही गोळी देत नाही. आरोग्यसेविकेला दार ठोठवावेच लागते. या रोगाचे नाव निघताच ठरलेली सोयरीक मोडते, म्हणून कित्येक जण पत्ताच खोटा लिहवितात. मग त्या बाईंना भलतेच दार भेटते.