डब्यात टाकलेले पुस्तक



वसंतातल्या या प्रसन्न सायंकाळी आम्ही भुताखेतांच्या गोष्टी घेऊन उभे राहिलो, याचे कित्येकांस नवल वाटले असेल. पण आमचा खरा विषय भूत हा नाही. बाप आणि मुलगा हा आहे.

१९८२ साली अमेरिकेत ‘क्रीपशो’ नावाचा चित्रपट निघाला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, लेखक स्टीफन किंग. आरंभीच एक बाप मुलाच्या हातचे भयकथांचे चित्रमय पुस्तक हिसकावतो, पोराला मारतो आणि पुस्तक कचऱ्याच्या डब्यात फेकतो. मग त्याची पाने उलटू लागतात आणि एकामागून एक पाच कथा आपल्यापुढे येतात. वेताळपंचविशीत विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळाने जशा कथा ओवल्या, तशाच या फेकलेल्या पानांनी ओवल्या आहेत.

अशी पुस्तके खरोखरच निघत होती. १९५० सालापासून विल्यम गेन्स यांची ‘ईसी’ ही संस्था ती दहा सेंटांना विकत असे. त्यांतील नीती जुनीच होती. नवऱ्याने बायकोला मारावे, धनिकाने गरिबाला लुबाडावे, आणि शेवटी मेलेल्याने थडग्यातून उठून हिशेब मागावा! मात्र हा हिशेब फार रक्तबंबाळ असे, हेही खरे. १९५४ च्या एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांना एक मुखपृष्ठ दाखवण्यात आले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात स्त्रीचे तुटलेले मस्तक. हे सुरुचीला धरून आहे काय, असे विचारता, भयकथेच्या मुखपृष्ठापुरते आहे, असे त्यांनी सांगितले. त्या उत्तराने त्यांची बाजू बुडाली.

त्यांच्या विरुद्ध उभे होते मानसचिकित्सक फ्रेडरिक वर्थम. हा गृहस्थ दुष्ट नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने चिकित्सालय चालवले होते. मुलांचे गुन्हे या पुस्तकांमुळे वाढतात, असे त्याचे मत. पण २०१२ साली कॅरोल टिली या संशोधिकेने त्याची टिपणे तपासून दाखवले, की मुलांच्या कथनांत त्याने फेरफार केले होते. मंडळी, खटला मुलांच्या नावाने चालला, आणि मुलांचेच शब्द बदलले गेले!

भयाने प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःच एक संहिता केली. चालती प्रेते वर्ज्य झाली, पुस्तकाच्या शीर्षकात ‘हॉरर’ हा शब्दही वर्ज्य झाला. गेन्स यांनी भयकथा बंद केल्या. पण चाळणीने केवळ भुतेच अडवली काय? १९५६ साली त्यांनी आपली एक जुनी कथा पुन्हा छापावयास घेतली. नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हीन लेखतात, म्हणून पृथ्वीचा प्रतिनिधी त्यांना नापास करतो आणि शेवटी शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. संहितेच्या रखवालदारांनी त्याच्या वर्णालाच हरकत घेतली. गेन्स हटले नाहीत आणि कथा जशीच्या तशी छापली. रखवालदार एकदा दारी बसवला, की तो काय अडवील हे आपल्या हाती राहत नाही.

संहिता झाली तेव्हा रोमेरो चौदा वर्षांचे होते आणि किंग सात वर्षांचे. त्याच पिढीने मोठेपणी डब्यातले पुस्तक बाहेर काढले. ईसीचे जुने चित्रकार जॅक केमन यांच्याकडून चित्रपटासाठी चित्रे काढून घेतली, आणि मुलाच्या भूमिकेत किंग यांचा स्वतःचाच मुलगा उभा राहिला. शेवटी त्या बापाची मान दुखू लागते. वरच्या खोलीत मुलगा पुस्तकातल्या जाहिरातीवरून मागवलेल्या बाहुलीला टाचण्या टोचत असतो.

मुलाने योग्य केले, असे आम्ही म्हणणार नाही. काही पुस्तके काही वयाला योग्य नसतात, हेही आम्हांस मान्य आहे. पण त्या बापाने पुस्तक हिसकावले, थप्पड मारली, आणि ‘बाळ, तुला यात काय आवडते?’ एवढे मात्र विचारले नाही. भीती डब्यात टाकून जात नाही. ती पोराच्या खोलीत एकटी राहते, आणि एकटी राहिली म्हणजे तिचा राग होतो. तेव्हा आज घरी गेल्यावर मुलाच्या उशाखालचे पुस्तक सापडले, तर ते फेकण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून चार पाने वाचा. मग ठेवावयाचे की काढावयाचे, ते दोघे मिळून ठरवा.