मोटारबोटीचा तासमापक

श्रोतेहो, मोटारगाडी किती चालली आहे हे आपण किलोमीटरांत विचारतो. बोटीच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न तासांत विचारावा लागतो. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट तासभर जोर लावूनही थोडेच अंतर कापते आणि प्रवाशांची वाट पाहत धक्क्याशी इंजिन चालू ठेवून उभी असलेली बोट तर अंतर मुळीच कापीत नाही. इंजिन मात्र दोन्ही वेळी झिजत असते. म्हणून बोटीच्या फलकावर तास मोजणारे एक लहानसे यंत्र बसवितात. मिस्त्रीलोक त्यास ‘अवर मीटर’ म्हणतात. आपण तासमापक म्हणू.

बऱ्हाणपूरच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. खांडव्याच्या पलीकडे, मूंदीजवळ हनुवंतिया येथे इंदिरा सागराच्या पाण्यावर सहलीच्या मोटारबोटी चालतात. २०१६ साली तेथे पहिला जलमहोत्सव भरला. ज्या जलाशयासाठी २००४ साली हरसूदसारखे नांदते गाव उठले, त्याच जलाशयावर आज माणसे मुलाबाळांसह जलविहारास जातात. काळाचा हा खेळ मनाला चटका लावणारा आहे खरा, परंतु आज तो आपला विषय नव्हे. हा जलाशय नऊशे चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचा आहे. एवढ्या पाण्याच्या मध्यावर, वारा सुटलेला असताना इंजिन बंद पडले, तर बोटीतील दहाबारा जिवांची काय अवस्था होईल, हे सांगावयास नको. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले होते की नाही, हा प्रश्न तेथे केवळ खर्चाचा राहत नाही. ती वेळ सांगावयाची असते तासमापकाने.

बोटीच्या बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांचे तेल शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे निर्माते सांगतात. आता हे शंभर तास कशाचे, हे तासमापकाची तार कोठे जोडली आहे त्यावर ठरते. यंत्र अगदी भाबडे आहे. आतील घड्याळाला बॅटरीचा प्रवाह मिळाला की ते चालते, तुटला की थांबते. इंजिनाशी त्याची स्वतःची ओळख नसते; ती तारेने करून द्यावयाची असते.

सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत अधिक आढळणारी जोडणी चावीवरची. चावी फिरविली म्हणजे ज्या टोकाला वीज येते, तेथून एक तार फ्यूजमधून तासमापकाच्या धन टोकाला न्यावयाची, आणि दुसरी ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण बाजूला. काम अर्ध्या तासाचे. परंतु नावाड्याने इंजिन बंद करून गाणी ऐकण्यासाठी चावी तशीच ठेवली, तर तासमापक पुढे चालतच राहतो. आपल्या गावातील मागवाल्यांना हे चटकन उमजेल. कारखान्यातील दिवा किती वेळ जळला यावरून कापड किती विणले गेले, हे कोणी ठरवील काय?

कोणी म्हणेल, तास जास्त दिसले तर काय बिघडले? तेल लवकर बदलले जाईल, एवढेच. माझे मत निराळे आहे. दिवसाला इंजिन पाच तास चालते आणि चावी आठ तास उघडी राहते असे धरा. तासमापक शंभर दाखवील तेव्हा इंजिनाचे साडेबासष्टच तास झालेले असतील. हे एकदोनदा ध्यानात आले की नावाडी म्हणतो, “हे यंत्र खोटे बोलते,” आणि त्याकडे पाहणेच सोडून देतो. मग तेल अंदाजाने बदलले जाते, आणि अंदाज नेहमी खिशाच्या बाजूने झुकतो.

यावरचा चांगला उपाय म्हणजे मधे तेलदाबाचा स्विच घालणे. चावीकडून आलेली तार या स्विचमधून तासमापकाकडे न्यावयाची. इंजिन फिरू लागले, तेलाला दाब आला, की स्विच मिटतो आणि घड्याळ चालू होते. मात्र येथे एक गफलत फार होते. धोक्याच्या लाल दिव्यासाठी इंजिनावर जो स्विच आधीच असतो, त्याचे काम नेमके उलटे असते. दाब नसताना तो मिटलेला असतो आणि दाब येताच उघडतो. त्यातून तार नेली, तर तासमापक इंजिनाच्या विश्रांतीचे तास इमानेइतबारे मोजीत बसेल! म्हणून दाब आल्यावर मिटणारा स्वतंत्र स्विच घ्यावा, किंवा दोन्ही कामे करणारा तीन टोकांचा.

ज्या इंजिनाला अल्टरनेटर आहे, तेथे चार्जिंगच्या दिव्याच्या टोकावरूनही तार घेता येते, कारण इंजिन फिरून वीज तयार होऊ लागल्यावरच त्या टोकाला पुरता दाब येतो. पट्टा तुटला की मोजणी थांबते, हे त्यातील न्यून. बोटीच्या मागे टांगलेल्या लहान टू-स्ट्रोक इंजिनांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. तेथे तेलदाब शोधण्यात अर्थ नाही. अशा ठिकाणी स्वतःची बारीक बॅटरी असलेला तासमापक मिळतो. त्याची तार स्पार्क प्लगच्या केबलवरच चारपाच वेढे देऊन गुंडाळली, की ठिणगीच्या स्पंदनावरून तो इंजिन ओळखतो. केबल सोलावयाची नाही. डिझेल इंजिनाला ठिणगीच नसल्याने ही युक्ती तेथे चालत नाही. शेतावरच्या डिझेल पंपाला तासमापक बसविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

तारेविषयी थोडेसे. घरातील एकसळी तांब्याची तार बोटीत वापरू नये. हादऱ्यांनी ती तुटते. अनेक बारीक सळ्यांची, कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी, आणि सांधे पिळून न करता दाबून बसविलेल्या टोकांनी करावेत. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचून राहते. इंजिनाची खोली उघडून ती आधी बाहेर जाऊ द्यावी. एका ठिणगीने होणारा अनर्थ पाण्यावर असल्यामुळे काही कमी होत नाही.

जोडणी झाल्यावर चावी फिरवून, इंजिन न चालविता, दहा मिनिटे स्वस्थ बसावे. शेवटचा अंक तासाच्या दशांशाचा असतो, म्हणजे दर सहा मिनिटांनी तो बदलतो. इंजिन बंद असताना तो हलला, तर तार चुकली आहे. मग इंजिन चालू करून मनगटी घड्याळाशी ताडून पाहावे. आणि जुन्याच्या जागी नवा तासमापक बसविला असेल, तर तो शून्यापासून सुरू होतो. जुन्यावरचा शेवटचा आकडा तारखेसह इंजिनाच्या वहीत उतरवावा आणि फलकामागेही रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे उद्या बोट विकत घेणाऱ्याला दोन्हींची बेरीज करता येईल.