उंच उल्याना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात भाषण म्हटले की आरोग्य, काटकसर, नाहीतर मुलांचे संगोपन. मी आज एका खेळाडू बाईची हकीकत सांगणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि बास्केटबॉल मी कधी हातात धरलेला नाही; तेव्हा खेळातल्या खाचाखोचा मला विचारू नका.

उल्याना सेम्योनोव्हा १९५२ साली जन्मली. बाल्टिक समुद्राकाठच्या लात्व्हियात, लिथुआनियाच्या हद्दीलगतच्या खेडेगावाकडची ती मुलगी. हा मुलूख तेव्हा सोव्हिएत राज्यात होता. मुलगी वाढू लागली ती थांबेचना. अखेर सुमारे सात फूट झाली. आपल्याकडे अशा मुलीला, "पुरे कर आता, नवरा कुठून आणायचा?" असे थट्टेने म्हणतात, आणि पोर बिचारी पोक काढून चालू लागते. उल्यानाच्या उंचीचे मोल मात्र खेळ शिकवणाऱ्यांनी ओळखले. तेराव्या वर्षाच्या सुमारास ती रिगा शहरी येऊन खेळू लागली. एवढ्याशा वयात घर सोडायचे! माझा जीव तिथेच अडकला.

तिचा संघ टीटीटी रिगा. नाव मोठे रुबाबदार वाटते, पण ही तीन अक्षरे ट्राम व ट्रॉलीबस चालवणाऱ्या खात्याची! या संघाबरोबर तिने युरोपचा चषक ११ वेळा जिंकला. राष्ट्रीय संघातून १९६८ साली, सोळाव्या वर्षीच, युरोपचे अजिंक्यपद मिळवले. १९७१, १९७५ आणि १९८३ साली जगाचे.

पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ साली आला. बायकांना दार उघडले ते १९७६ साली, माँट्रियलला. चाळीस वर्षे बायका काय दमल्या होत्या? तिथे सोव्हिएत संघाने अमेरिकेला ११२–७७ असे हरवून सुवर्णपदक घेतले, आणि १९८० साली मॉस्कोत पुन्हा एकदा. त्या वेळी अमेरिका आलीच नव्हती, हेही सांगायला हवे. राष्ट्रीय संघातून मोठ्या स्पर्धांत ती खेळली तेवढी वर्षे तिच्या वाट्याला एकही हार आली नाही.

कोणी म्हणतील, उंच होती म्हणून जिंकली. होतीच! बास्केटची कडी दहा फुटांवर. इतरांना उडी मारावी लागे, हिला हात वर केला की पुरे. पण चेंडू डोक्यावर धरून ठेवायचा, दोघी-तिघी अंगाशी झोंबत असता सोडायचा नाही, मोकळ्या मैत्रिणीला नेमका द्यायचा, हे नुसत्या उंचीने येत नाही. शिवाय एवढा देह घेऊन मैदानभर धावायचे, तेही वर्षानुवर्षे.

पुढे ती स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्येही खेळली. १९९३ साली अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात तिचे नाव लागले. अमेरिकेबाहेरच्या बाईला तो मान प्रथमच मिळाला, आणि तोही ज्यांना तिने हरवले त्यांच्याच देशात. मला हे फार आवडले.

१९९१ साली लात्व्हिया स्वतंत्र झाला. ज्या राज्यासाठी ती पदके मिळवली, ते राज्यच उरले नाही. त्यानंतर उल्यानाने आपल्या देशातल्या जुन्या ऑलिंपिक खेळाडूंना मदत करणाऱ्या निधीचे काम अंगावर घेतले.