लोकमताचे दोन न्याय



राजघराण्याविषयीचे लोकमत कसे पालटते, हे आपल्या बडोद्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८७० साली मल्हारराव गायकवाड गादीवर आले. त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी एवढ्या वाढल्या की १८७३ साली इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप आला, १८७५ साली मल्हाररावांना दुसऱ्या आयोगापुढे उभे करण्यात आले, आणि वारे फिरले. तिघा इंग्रज सभासदांनी त्यांना दोषी मानले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. सरकारने अखेर गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना पदच्युत केले. ज्याच्या नावाने लोक बोटे मोडीत होते, त्याच्याविषयीच ते हळहळू लागले.

राजा तोच होता; न्यायासनावर परका बसला होता. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांच्या ज्या वर्तनाला इंग्रजी वृत्तपत्रांनी उद्धटपणा म्हटले, त्याचेच येथे अनेकांना कौतुक वाटले, तेही याच न्यायाने.

परंतु परक्याचा अन्याय झाला म्हणून प्रजेची गाऱ्हाणी खोटी ठरत नाहीत. सयाजीरावांचे मोठेपणही दरबारातील त्या क्षणावर नव्हे, तर १९०६ साली संस्थानभर लागू केलेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासारख्या कार्यावर उभे आहे. राजाला कोणी दुखावले आणि राजाने प्रजेसाठी काय केले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे हाच इतिहासाचा विवेक होय.