गाडी तापली तर आधी थांबा, मग कारण शोधा



आजचा विषय पापड-लोणच्यांचा नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही. पण हप्त्याशी त्याचा संबंध आहे. लांबच्या वाटेवर मोटारसायकलचं इंजिन तापतं तेव्हा काय बघायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

गटातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. पाटण-कोयनेकडच्या बायका कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बाजाराला जातात. जाताना कडधान्य, चटण्या, पापड. येताना कोकम, सुकी मासळी. उतरताना इंजिनाला कष्ट कमी. खरी परीक्षा परतीच्या चढाला असते. ऊन, ओझं आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायची घाई. या घाईत तापलेली गाडी तशीच रेटली आणि इंजिन जॅम झालं, तर हप्ता चालू आणि गाडी बंद, अशी गत होते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. इंजिन गरम होणारच. उन्हाळ्यात पायाला झळ लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळजी कधी करायची? नेहमीच्या चढाला गाडी ओढेनाशी झाली, इंजिनातून खडखड किंवा टकटक आवाज यायला लागला, जळका वास आला, किंवा चावी बंद करूनही इंजिन क्षणभर धडधडत राहिलं, तर समजा की उष्णता हद्दीबाहेर गेली आहे.

अशा वेळी वळणावर नाही, तर रुंद जागा बघून रस्त्याच्या कडेला गाडी घ्या. इंजिन बंद करा, सावली असेल तर सावलीत लावा आणि निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मुळीच ओतू नका. धातू एकदम आकसतो आणि तडा जाऊ शकतो. किक खाली जात नसेल तर जोर लावू नका, ढकलूनही सुरू करू नका. ती गाडी टेम्पोतूनच न्यायची.

अंगात ताप आला की आशाताई आधी विचारतात, काय खाल्लं, कुठं गेला होतात? गाडीचंही तसंच. तापणं ही खूण आहे, कारण वेगळं असतं. ते एका क्रमाने शोधायचं.

पहिलं, वारा. आपल्या बहुतेक गाड्यांची इंजिनं वाऱ्यावर गार होतात. इंजिनाभोवती पत्र्यासारख्या पट्ट्या असतात, मेकॅनिक त्यांना फिन्स म्हणतात. त्यांच्यात चिखल वाळून बसला असेल, किंवा पुढं बांधलेल्या पिशवीनं वारा अडत असेल, तर इंजिन गार कसं होणार? स्कूटरचं इंजिन झाकलेलं असतं, त्याला आतला पंखा वारा देतो. त्या पंख्याच्या जाळीत धूळ, चिंधी, कधी उंदरानं आणलेला कचरा अडकतो. रेडिएटर असलेल्या गाडीत कूलंटच्या टाकीवरच्या दोन खुणा बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

दुसरं, ऑइल. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. ऑइलची काडी काढून स्वच्छ फडक्यानं पुसा, परत घाला, काढून बघा. काही गाड्यांत काडी फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. छोट्या गाडीत ऑइल एक लिटरच्या आतबाहेरच असतं, त्यामुळे पावशेर कमी झालं तरी ते पुष्कळ झालं. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय निघू नका. पण जास्त भरणंही वाईट. आणि चारचाकीचं ऑइल नको. मोटारसायकलचा क्लच बहुतेक त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

तिसरं, अडकलेला ब्रेक. हे कारण सहज लक्षात येत नाही. आमच्या एका गटातल्या दोघीजणी चिपळूणहून परत येत होत्या. नेहमी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावरही कण्हायला लागली. दोघी थांबल्या. फिन्स स्वच्छ होत्या, ऑइल बरोबर होतं. मग मागे बसणारीनं चाकांजवळ लांबून हात धरून बघितलं. पुढचं चाक गार, मागच्या चाकाच्या मधोमध मात्र भट्टी. चढावर ब्रेक तर लावलाच नव्हता, मग मागचं चाक तापलं कशानं? घाट उतरायचा म्हणून आदल्या दिवशी गॅरेजमध्ये ब्रेक आवळून घेतला होता, तो सुटतच नव्हता. म्हणजे इंजिन चढही ओढत होतं आणि ब्रेकही. गार झाल्यावर ब्रेकच्या दांडीवरचा नट थोडा सैल केला, चाक मोकळं फिरलं. ब्रेक नीट लागतो ना, हे सपाटीवर हळू चालवून बघितलं आणि मगच दोघी निघाल्या.

तुम्हालाही हे करता येईल. गाडी बंद, न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. पदर-ओढणी खोचून घ्या, बोटं चेनपासून लांब ठेवा, आणि टायरला धरून मागचं चाक हातानं फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेक किंवा फार ताणलेली चेन बघा. टायरमध्ये हवा कमी असली तरी ओढायला जड जातं.

चौथं, चालवण्याची पद्धत आणि ओझं. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत ठेवू नका, वेळेवर गिअर खाली घ्या. अर्धा क्लच दाबून चढ चढू नका. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, असं झालं तर क्लच घसरतो आहे. आता ओझं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची क्षमता माणसं आणि सामान मिळून साधारण 130 किलोच्या आसपास असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. पंचावन्न किलोच्या दोघीजणी म्हणजे 110 झाले. वर तीस किलोचं पोतं बांधलं की 140. हिशोब आपल्याला येतो, तो इथंही करायचा.

पाचवं काम मेकॅनिकचं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल तरी इंजिन तापतं. गार इंजिनाचा प्लग काढून बघितला आणि त्याचं टोक पांढरटफक दिसलं, तर ही शंका घ्यायची. फिकट तपकिरी असेल तर ठीक. जुन्या गाडीत कार्बोरेटर साफ करावा लागतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक इंजेक्शन असतं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला राहिला तर गॅरेजमध्ये तपासून घ्या.

गॅरेजमध्ये नुसतं “गाडी तापते” असं सांगू नका. कधी तापते, चढावर की सपाटीवर? किती किलोमीटर गेल्यावर? ऑइल कधी बदललं? शेवटी कुठलं काम केलं होतं? हे सांगितलं की मेकॅनिकला अंदाजानं भाग बदलायला वाव राहत नाही, आणि आपले पैसे वाचतात.

म्हणून गटाच्या नोंदवहीसारखीच गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल बदललं तो दिवस, गॅरेजचं काम. त्या दोघींच्या वहीत आदल्या दिवशीच्या ब्रेकच्या कामाची नोंद होती, म्हणून आवळलेला ब्रेक त्यांना लगेच आठवला.

पुढच्या बैठकीला एक काम करा. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी त्या घेऊन या. प्रत्येकीनं, मागे बसणारीनंसुद्धा, एकदा स्वतः ऑइल बघायचं आणि मागचं चाक फिरवायचं. घाटात गाडी थांबली तर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पण काय बघायचं ते दोघींना ठाऊक असेल.