गाठ पडली अमळनेरला

मंडळी, परगावी ओळखीचं माणूस भेटलं की आपण म्हणतो, जग लहान आहे. मला भेटलेला माणूस मात्र सुरतेत रोज दिसायचा.

सप्टेंबर १९९४. बाप्पांचं विसर्जन होऊन दोन-चार दिवस झाले होते आणि प्लेगची बातमी पसरली. टेट्रासायक्लिनसाठी धावाधाव, स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या गर्दीत असतील. आम्हीही ताप्ती लाइनची गाडी धरून अमळनेरला उतरलो. एसटी स्टँडवर कोणीतरी विचारलं, ‘‘कुठून आलात?’’ सुरतचं नाव काढताच बाकावरची माणसं उठून लांब उभी राहिली. आपलाच मुलूख, आणि मुलांसाठी पाणी कोणाकडे मागावं ते कळेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘माय, आठे बस.’’

म्हातारीला आमच्या बाकावर बसवणारा तो आमच्या उधन्याच्या गल्लीतला चहावाला! आठ वर्षं मी त्याला ‘बे अडधी’ सांगत आलो होतो. तो मला गुजराती समजे, मी त्याला. अन् दोघं अहिराणी बोलणारे! त्यानं तांब्या काढून आधी मुलांना पाणी दिलं, मग गाव विचारलं. त्याचं पारोळ्याकडचं.

महिन्याभरानं सुरतेत परतलो, त्याच्या टपरीवर अहिराणीत चहा मागितला. त्या दिवशी पैसे घेईना. दुसऱ्या दिवसापासून मात्र घेऊ लागला. धंदा तो धंदा.